सव्वापट

पहिल्या खेपेला मी नापास झाले तेव्हा घरात कोणी चकार शब्द काढला नाही, आणि तेच मला जास्त झोंबलं. निदान आमच्या ह्यांनी तरी एखादा टोमणा मारायचा! एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी दोन वाक्यं ऐकवणारा माणूस त्या दिवशी मुकाट्याने ताट वाढून माझ्यापुढे ठेवतो म्हणजे काय? मी म्हटलं, "बोला की! तोंडात गुळणी धरलीय का?" तर म्हणतात, "आधी जेव." कर्म माझं.

मी मुकादम आहे. जड सामान चढवणाऱ्या टोळीची. तिजोऱ्या, पियानो, छापखान्याची यंत्रं, जे जे जिन्यात मावत नाही ते दोर, पट्टे आणि कप्पी लावून बाहेरच्या बाहेर वर न्यायचं आणि खिडकीतून आत घ्यायचं, हे आमचं काम. माझे बाबा हेच करायचे. त्यांच्याच हाताखाली मी शिकले आणि ते गेल्यावर टोळी माझ्याकडे आली. टोळीतले सगळे बाप्ये मला ताई म्हणतात. माझी शिट्टी वाजल्याशिवाय एकजण दोराला बोट लावत नाही. आणि आजवर माझ्या हातून एकही नग खाली आलेला नाही, हे मी कोणालाही तोंडावर सांगेन.

तर आता नियम निघाला. नग उचलण्याआधी कागदावर सही जो करणार, तो लेखी परीक्षा पास झालेला पाहिजे. विषय काय, तर बल. कशाने किती ओढलं तर काय होतं, याची गणितं. मी म्हटलं, जन्मभर तेच तर करतेय! गेले ऐटीत परीक्षेला, आणि आपटले तोंडावर.

आमच्या कंपनीचे मालक तसे भले आहेत. मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग म्हणाले, "ताई, अजून एक संधी आहे. ह्या वेळी नाही जमलं तर टोळी दुसऱ्याकडे द्यावी लागेल. तुम्ही गोदाम बघा. सावलीतलं काम आहे."

सावलीतलं! म्हणजे दिवसभर पट्ट्यांच्या घड्या घालायच्या आणि टोळी बाहेर पडली की दारातून हात हलवायचा. मी उठले ती पाणी न पिताच निघाले. रस्ताभर डोळ्यांपुढे ते गोदाम.

माझी सून शाळेत विज्ञान शिकवते. लग्न होऊन आली तेव्हापासून आमचं भांडण असं कधी नाही, पण गूळपीठही नाही. ती मला 'अहो आई' म्हणणार, मी तिला 'अगं' म्हणणार, आणि मध्ये एक टेबल. त्या संध्याकाळी त्या टेबलावर वह्या तपासता तपासता ती म्हणाली, "आई, मी शिकवू का तुम्हाला?"

कानामागून आली आणि तिखट झाली, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "शिकव बाई. पण एकदाच सांगते, माझ्याशी विद्यार्थ्याशी बोलतात तसं बोलायचं नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि लगेच, "पाठीला बाक नको, सरळ बसा."

पहिली मारामारी झाली ती क्षवरून. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, इथपर्यंत ठीक. वस्तुमान म्हणजे नगात माल किती आहे ते. त्वरण म्हणजे त्याचा वेग किती भराभर बदलतो ते. पण मध्येच हा क्ष कुठून टपकतो? मी म्हटलं, "अगं, माहीत नाही तर सरळ माहीत नाही म्हणावं. क्ष क्ष काय?"

तिने पेन खाली ठेवलं. "आई, तुमच्याकडे गोणपाटात गुंडाळलेला नग येतो. आत काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. तरी तुम्ही तो हलवता ना?"

"हलवते. त्यात काय!"

"तसाच हा. क्ष म्हणजे गुंडाळलेला नग. त्याच्याभोवती रचलेलं एकेक सामान बाजूला करत जायचं. तो एकटा राहिला की सोडून बघायचा. फक्त बरोबरच्या चिन्हाच्या ह्या बाजूचं जितकं उतरवाल तितकंच त्या बाजूचंही उतरवायचं."

"नाहीतर कलंडेल," मी म्हटलं.

"नाहीतर कलंडेल," ती म्हणाली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. अगं बाई, एवढंच होय! हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी कशाला उगाच घाबरले असते? त्यानंतर माझी गाडी सुटली ती सुटलीच. इकडचे पाच तिकडे, तिकडचे भागिले इकडे गुणिले. भाजी चिरतानासुद्धा मी मनात क्ष मोकळे करत होते. आमचे हे म्हणाले, "हिला आता घरात कोणी गुंडाळू शकणार नाही." मी म्हटलं, "आधी तरी कुठे जमलं होतं तुम्हाला?"

आणि मग सुनेने सरावाचा पेपर घातला. मी झराझर सोडवला. पेन टेबलावर आपटून म्हटलं, "घे!"

तिने तपासायला घेतला. पहिल्याला फुली. दुसऱ्याला फुली. तिसऱ्याला फुली. शेवटपर्यंत फुल्याच फुल्या. माझे डोळे पांढरे झाले. एक म्हणून बरोबर नाही! मी उठायच्या बेतात होते, पण ती पेन दाताखाली धरून तशीच बघत बसली होती. मग बाजूला काहीतरी भागाकार करू लागली.

"आई, दोनशे किलोची पेटी दोराला स्थिर लटकतेय. गुरुत्व दहा धरलं तर ताण दोन हजार न्यूटन. तुम्ही लिहिलंय अडीच हजार. ऐंशी किलोच्या गाड्याला तीनचं त्वरण द्यायचं, बल दोनशे चाळीस. तुम्ही लिहिलंय तीनशे. सहाशेच्या बलाने दोनचं त्वरण मिळतं, तर वस्तुमान तीनशे किलो. तुमचं तीनशे पंचाहत्तर." तिने वर पाहिलं. "सगळी उत्तरं चुकलीत, पण एकसारखी चुकलीत. प्रत्येक उत्तर बरोबर सव्वापट आहे."

"मग?" मी म्हटलं. "सव्वापट धरायचंच असतं."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी." आता यात विचारण्यासारखं काय आहे, मला कळेना. "नग कितीचा आहे ते विचारायचं आणि सव्वापट धरूनच दोर निवडायचा. शंभरचा असला तर सव्वाशेचा समजायचा. अगं, पहिल्या दिवशी हेच शिकवलं त्यांनी मला. आता मी मुद्दाम करतसुद्धा नाही. आकडा दिसला की आपोआप सव्वापट होतो."

"पण आई, पेपरात ते चूक आहे."

चूक! माझ्या बाबांचं! मग मात्र माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं इथे सांगत नाही. चार पुस्तकं वाचून शहाणपण येत नाही, आयुष्यात एक स्टूल तरी उचललंयस का, आणि असंच बरंच. तिने पेन बंद केलं. वह्या गोळा केल्या आणि आत गेली. पेपर तेवढा टेबलावर राहिला.

आमचे हे दारात उभे होते. म्हणाले, "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. पण आवाजात दम नव्हता. तीच पोर मला गोदामातून वाचवायला बसली होती, आणि मी तिलाच फोडून काढलं होतं. रात्रभर कूस बदलत राहिले.

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर सून माझ्या आधीच उठलेली. ओट्याशी उभी, हातात शाळेतून आणलेला स्प्रिंगचा काटा, आणि त्याच्या हुकाला लटकवलेली बटाट्यांची पिशवी. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आई, रात्री मी विचार करत होते. तुमचे बाबा उगाच काही सांगणार नाहीत. जरा इकडे या. काटा किती दाखवतो?"

"चार किलो."

"आता बघत राहा." तिने हात खसकन वर केला. काट्याची सुई उडाली ती पाचाच्या पुढे गेली, आणि हात वर जाऊन थांबल्यावर दोनदा थरथरून परत चारवर आली. बटाटे तेवढेच. पिशवी तीच.

"हिसका," मी म्हटलं. हे मला नवीन नव्हतं. दोर तुटतो तो लटकताना नाही, उचलताना तुटतो, हे आमच्या टोळीतल्या कोणालाही ठाऊक आहे. पण मी ते कधी सुईवर पाहिलं नव्हतं.

"आता मांडा," ती म्हणाली.

"काय मांडू? किती वजनाचा नग?"

"तुमच्या बाबांना वजनाने फरक पडत नव्हता ना? मग नुसतं म लिहा."

मी तिथेच ओट्यावर, तिच्या रोजच्या कामांच्या यादीच्या पाठीवर, लिहायला घेतलं. दोर वर ओढतो, गुरुत्व खाली ओढतं. उरतं ते नगाला वर उचलतं. म्हणजे ताण उणे दहा म बरोबर म गुणिले क्ष. क्ष म्हणजे हिसका. दहा म तिकडे नेला. ताण बरोबर म गुणिले, कंसात, दहा अधिक क्ष. आणि बाबांच्या म्हणण्याप्रमाणे ताण किती? सव्वापट. दहाची सव्वापट साडेबारा. साडेबारा म बरोबर म गुणिले दहा अधिक क्ष.

"आता दोन्हीकडे काय सारखं आहे?" तिने विचारलं.

"म."

"मग उतरवा."

मी दोन्हीकडचा म खोडला. तो गेला! नग किती किलोचा, तिजोरी की पियानो, सगळं गेलं आणि कागदावर राहिलं साडेबारा बरोबर दहा अधिक क्ष. क्ष बरोबर अडीच.

मी कितीतरी वेळ त्या अडीचकडे बघत राहिले. दहा माणसांनी दोर हाताने ओढायचा, बाबांनी ताल धरायचा, आणि त्या ओढण्याला जो हिसका बसायचा तो एवढा. बाबांना क्ष माहीत नव्हता, आणि कोणी सांगायलाही नव्हतं. त्यांनी दोर तुटताना पाहिले असतील, माणसं जायबंदी होताना पाहिली असतील, आणि त्यातून एक आकडा धरला असेल. मला रडूच आलं.

"आई, अहो, तुमचा सव्वापट खोटा नाही," सून घाईघाईने म्हणाली. "तो फक्त हिसक्याच्या गणिताचा आहे. तुम्ही तो सगळ्याच गणितांना लावता. पेटी नुसती लटकत असेल तर क्ष शून्य. एकसारख्या वेगाने वर जात असेल तरी शून्य. आधी विचारायचं, हिसका आहे का? आणि असेल तर किती?"

"काल मी तुला वाटेल ते बोलले," मी म्हटलं.

"बोललात," ती म्हणाली. "स्टुलाचं जरा लागलं. शाळेत रोज बाकं मीच हलवते." आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की आमचे हे दाढीचा साबण तोंडावर घेऊन बघायला आले. त्या दिवशी बटाट्याची भाजी मी केली, आणि तिचा डबा मी भरला.

परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या आजूबाजूला सगळी माझ्या मुलाच्या वयाची मंडळी. एकाने मला विचारलं, "मॅडम, पेपर कधी वाटणार?" मी म्हटलं, "तुझ्याइतकीच मीही वाट बघतेय, बाबा." पेपर आला. पहिली काही गणितं सरळ होती. मग एक आलं: चारशे किलोची पेटी एकसारख्या वेगाने वर जाते आहे, ताण सांगा. माझ्या हाताने पाच लिहून टाकला होता. पुढची शून्यं द्यायचीच बाकी होती. मी पेन उचललं. स्वतःशीच म्हटलं, बये, हिसका आहे का? नाही. वेग बदलतोय का? नाही. मग क्ष शून्य. पाच खोडला आणि चार हजार लिहिले. खरं सांगते, नग वर चढवताना घाम फुटला नाही तेवढा तो एक आकडा खोडताना फुटला.

पास झाले. चांगली पास झाले. सुनेने शाळेतून फोनवर निकाल बघितला आणि वर्गातच ओरडली म्हणे. पोरांना वाटलं उंदीर निघाला.

आणि मग माझा सहीचा पहिला दिवस उजाडला. काम इस्पितळाचं होतं. कपडे धुण्याचं अवाढव्य यंत्र, सहाशे किलोचं, तिसऱ्या मजल्यावर चढवायचं. खाली अंगणात चादरींच्या गाठोड्यांचा डोंगर साचलेला, वर खिडकीत दोन नर्स वाट बघत उभ्या. मालक स्वतः आले होते, कारण त्यांनी नवी कप्पी घेतली होती, विजेवर चालणारी. हातांनी ओढायला नको, बटण दाबलं की नग वर. बटणांची पेटी वायरने कप्पीलाच लोंबत होती, आणि ती हातात धरून आमचा लंबू उभा होता. लंबू म्हणजे टोळीतला सगळ्यात जुना गडी, बाबांच्या वेळचा.

"काय चपळ आहे बघा, ताई!" मालक कौतुकाने म्हणाले. "पाव सेकंदात पूर्ण वेग पकडते. सेकंदाला एक मीटर! जुनं आता विसरा. करा सही."

पट्टा किती पेलतो ते बघायला मी त्याला शिवलेली चिठ्ठी उलटून पाहिली. आठशे किलो. सहाशेचे सव्वापट साडेसातशे. बसतंय. मी पेनचं टोपण काढलं, आणि थांबले. हिसका आहे का? आहे. किती?

पाव सेकंदात एक मीटरचा वेग. एकाला पावने भागलं की चार. अडीच नाही, चार. मी खडू मागून घेतला आणि यंत्राच्या खोक्यावरच लिहिलं. सहाशे गुणिले दहा अधिक चार. सहाशे चौदे आठ हजार चारशे न्यूटन. म्हणजे आठशे चाळीस किलो लटकवल्यासारखं. पट्टा आठशेचा.

मी टोपण परत लावलं. "सही नाही करत."

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो ताई! सही करता यावी म्हणून तर परीक्षा दिलीत ना?"

"नाही म्हणता यावं म्हणूनही दिली."

लंबू बटणांची पेटी हातात घेऊन म्हणाला, "ताई, सव्वापट धरलं तरी पट्टा पुरतो की. तुमच्या बाबांचाच हिशोब आहे. त्यांनी असं कधी अडवलं नसतं."

टोळी माझ्याकडे बघत होती. आता काय सांगू त्यांना? हा हिशोब ह्यांना मीच शिकवला, बाबांचं नाव घेऊन. मी म्हटलं, "बाबांचा हिशोब माणसांच्या हातांचा होता. ही मोटर आहे, हिचा हिसका मोठा आहे. इथे सव्वापट पुरत नाही." बोलताना माझाच आवाज मला परका वाटला. मग मी मालकांकडे वळले. "हिला हळू सुरू व्हायचं बटण आहे का?"

होतं. पहिल्यापासून होतं, पण ते कोणाला दाबायचंच नव्हतं. त्या बटणाने तेवढ्याच वेळात निम्माच वेग येत होता. चारचे दोन झाले. सहाशे बारे सात हजार दोनशे. मी ते खोक्यावर दोनदा पडताळून पाहिलं, मालकांना दाखवलं, आणि मग सही केली. मालक खोक्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे नवी कप्पी घेऊन मी हळूच चालवायची?" मी म्हटलं, "जाड पट्टे घ्या, मग पळवा."

शिट्टी दिली. यंत्र जमिनीवरून सुटलं आणि शहाण्यासारखं, सावकाश वर निघालं. नर्सनी टाळ्या वाजवल्या. मालकांनीही वाजवल्या, थोड्या उशिरा.

मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. मी वर बघतच नव्हते. मी बघत होते लंबूकडे. बटणांची पेटी आखूड वायरीने लोंबत होती, त्यामुळे तो यंत्राच्या अगदी खाली उभा होता, मान वर करून, तोंड उघडं टाकून. बाबांच्या हिशोबाने मी सही केली असती तर तो तिथेच उभा असता.

मी त्याच्या दंडाला धरून त्याला दोन पावलं बाजूला ओढलं. तो म्हणाला, "काय ताई?" मी वरच्या यंत्राकडे बोट केलं. मनातल्या मनात बाबांना म्हटलं, आज पहिल्यांदा तुमचं ऐकलं नाही. रागावू नका.